मियाटाला रेव्ह-मॅचिंग मॉड्यूल बसवायचंय? आधी क्लचचा स्विच तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २०१९ ची मियाटा, म्हणजे माझदा एमएक्स-५, सहा गिअरची मॅन्युअल. तुम्ही मिशिगनमध्ये राहता आणि उन्हाळ्यात साउथ हेवनच्या जिंजरमन ट्रॅकवर जाता. वळणाआधी थर्डवरून सेकंड टाकला की मागचे टायर करकरतात आणि गाडीची मागची बाजू हलते. शेजारी बसणारे इन्स्ट्रक्टर हील-टो (उजव्या पायाने ब्रेक लावतानाच त्याच पायाने रेस देणं) शिका म्हणतात, पण उजव्या घोट्यात प्लेट असल्यामुळे पाय तसा वळत नाही. म्हणून खालचा गिअर टाकताना इंजिनाचा वेग जुळावा म्हणून आपोआप रेस देणारं, म्हणजे रेव्ह-मॅचिंग मॉड्यूल बसवायचा विचार आहे. त्याने खरंच काम होतं का, गिअरबॉक्सचं आयुष्य वाढतं का, घरच्या गॅरेजमध्ये बसवता येईल का, वॉरंटीचं काय, आणि मित्र म्हणतो तशी ही फसवाफसवी आहे का, हे तुम्ही विचारलंत.

मी डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या पेडल आणि थ्रॉटलच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) इलेक्ट्रॉनिक्सवर काम करते आणि ट्रॅकवर नवख्यांना शिकवते. मियाटा, टोयोटा ८६ अशा गाड्यांत ही मॉड्यूल बसवली आहेत, दुसऱ्यांनी बसवलेली दुरुस्तही केली आहेत. माझं मत आधीच सांगते: तुमच्या बाबतीत बसवा. घोटा धडधाकट असता तर आधी एक उन्हाळा हील-टोचा सराव करा म्हटलं असतं. पण प्लेट असलेला घोटा तिरका करून एकाच पायाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर सांभाळायला गेलात, तर ब्रेकवरचा दाब कमीजास्त होणार. ताशी शंभर मैलांवरून वळणाकडे जाताना ब्रेकवरचा दाब हलणं हे चुकलेल्या गिअरपेक्षा जास्त धोक्याचं आहे. मॉड्यूल असलं की उजवा पाय एकच काम करतो, नीट ब्रेक लावायचं. माझ्या दृष्टीने त्याचा खरा फायदा हाच आहे.

आता मागची चाकं का करकरतात ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तुमच्या गिअरबॉक्समध्ये सेकंडचं गुणोत्तर २.९९१ आहे, थर्डचं २.०३५. म्हणजे त्याच वेगाला सेकंडमध्ये इंजिन थर्डपेक्षा साधारण १.४७ पट फिरलं पाहिजे. थर्डमध्ये काटा (इंजिनाचे मिनिटाला फेरे, म्हणजे आरपीएम दाखवणारा) ४,००० वर असेल, वेग ताशी पन्नास मैलांच्या आसपास, तर सेकंडमध्ये त्याच वेगाला ५,९०० च्या जवळ लागतात. पण क्लच दाबला आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, त्यामुळे इंजिन तोवर ४,००० वरून खाली यायला लागलेलं असतं. क्लच सोडला की इंजिनाला खालून एकदम ५,९०० पर्यंत कुणीतरी ओढून न्यावं लागतं, आणि ते काम मागच्या दोन टायरना करावं लागतं. मागच्या डिफरेन्शियलचं गुणोत्तर २.८६६. म्हणजे इंजिनाचा अडथळा सेकंडमध्ये चाकांपर्यंत साडेआठ पट होऊन पोचतो. त्याच क्षणी ब्रेकमुळे गाडीचं वजन पुढच्या चाकांवर गेलेलं असतं आणि मागच्या टायरची पकड सगळ्यात कमी असते. एबीएस (ब्रेकने चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) इथे फारसं कामाला येत नाही, कारण त्याला ब्रेकचा दाब सोडता येतो, इंजिनाची ओढ सोडता येत नाही.

क्लच खाली असतानाच अ‍ॅक्सिलरेटरला छोटी रेस देऊन काटा ५,९०० पर्यंत नेला, तर क्लच सोडल्यावर ओढण्यासारखं काही उरत नाही. हील-टोमध्ये हे माणूस पायाने करतो, मॉड्यूल विजेच्या सिग्नलने करतं.

मियाटासारख्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरला केबल नाही. पेडलमधले सेन्सर इंजिनाच्या कॉम्प्युटरला व्होल्टेज पाठवतात आणि कॉम्प्युटर थ्रॉटल उघडतो. मॉड्यूल पेडल आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये बसतं. एरवी पेडलचा सिग्नल जसाच्या तसा पुढे जातो. ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबलेले दिसले की मॉड्यूल क्षणभर खोटा सिग्नल देतं, जणू तुम्हीच पेडल टुचकन दाबलंत. (ज्यांच्याकडे २००५ पर्यंतच्या पहिल्या दोन पिढ्यांतली मियाटा आहे त्यांनी हा विचार सोडून द्यावा. त्या गाड्यांत थ्रॉटल केबलवर आहे, मॉड्यूलला पकडायला सिग्नलच नाही.)

पेडलमधले सेन्सर एक नाही, दोन असतात. दोघांचं व्होल्टेज वेगळं, पण एकमेकांशी ठरलेल्या प्रमाणात चढतं-उतरतं, आणि कॉम्प्युटर सतत दोघांची तुलना करतो. प्रमाण बिघडलं की पी२१३८ हा कोड येतो आणि गाडी लंगडत चालते, पेडल दाबूनही जोर देत नाही. म्हणून मॉड्यूलने दोन्ही सिग्नल त्याच प्रमाणात बदलले पाहिजेत. आपल्या गाडीच्या पिढीसाठी बनवलेलं, पेडलच्या मूळ कनेक्टरमध्ये थेट बसणारं हार्नेस (तयार वायरींचा संच) असलेलं मॉड्यूल घ्या, हा माझा आग्रह याचसाठी आहे. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ म्हणून मिळणारं, सहा वायरी कापून जोडायचं मॉड्यूल शंभर-दीडशे डॉलरनी स्वस्त असलं तरी घेऊ नका. पेडलची वायर कापलेली गाडी मला कुणी दाखवली की आधी ते जोड पुन्हा करावे लागतात, मग बाकीचं.

आता मर्यादा. या मॉड्यूलला गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे हे कळत नाही, आणि तुम्ही कुठला गिअर टाकणार आहात हेही कळत नाही. निसानने २००९ च्या ३७०झेडमध्ये कंपनीकडून अशी सोय पहिल्यांदा दिली, मग २०१४ च्या कॉर्व्हेटमध्ये आली, २०१७ च्या सिव्हिक टाइप आरमध्ये आली. त्या गाड्यांत गिअरच्या दांड्याची जागा ओळखणारा सेन्सर असतो. दांडा सेकंडकडे निघाला की कॉम्प्युटर गाडीच्या वेगावरून नेमका काटा काढतो आणि तिथेच धरून ठेवतो. बाहेरून बसवलेलं मॉड्यूल एकच ठरलेली रेस देतं, थर्डवरून सेकंडला जितकी तितकीच फिफ्थवरून फोर्थला. बाकीचं जुळवणं तुमच्या डाव्या पायाकडे राहतं. आणि मोठ्या कंपन्या स्वतः ही सोय देतात, तेव्हा तिला फसवाफसवी म्हणायचं कारण मला दिसत नाही. तुम्ही स्पर्धेत उतरणार असाल तर वर्गाचे नियम वाचा, एवढंच. ऑटोक्रॉसला (मोकळ्या जागेत शंकू मांडून केलेल्या कमी वेगाच्या शर्यतीला) जात असाल तर तिथे बहुतेक वेळ सेकंडमध्येच जातो, मॉड्यूलचा काही उपयोग नाही.

गिअर कळत नाही याचा दुसरा अर्थ जास्त गंभीर आहे. मॉड्यूल तुम्हाला चुकीच्या गिअरपासून वाचवत नाही. २०१९ पासूनच्या दोन लिटर मियाटाचा लाल पट्टा ७,५०० ला सुरू होतो. थर्डमध्ये काटा ६,००० वर असताना सेकंड टाकून क्लच सोडलात तर चाकं इंजिनाला ८,८०० पर्यंत फिरवतात. रेव्ह लिमिटर (इंजिन मर्यादेबाहेर फिरू न देणारी सोय) तिथे काहीच करू शकत नाही, कारण तो इंधन आणि थ्रॉटल आवरतो, चाकांकडून येणारी ओढ नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात ते अशाच वेळी. म्हणून दोन आकडे पाठ करा: थर्डवरून सेकंड टाकायचा तर काटा ५,००० च्या खाली, फोर्थवरून थर्ड टाकायचा तर ५,७०० च्या खाली. मॉड्यूल बसवल्यावर गिअर इतका गुळगुळीत पडतो की माणूस लवकर टाकायला लागतो. ही सवय मी बऱ्याच जणांत पाहिली आहे.

गिअरबॉक्सच्या आयुष्याचं तुम्ही विचारलंत. क्लचचा आणि मागच्या टायरचा त्रास नक्की वाचतो. सिंक्रोचा (गिअर पडण्याआधी गिअरबॉक्समधले वेग घासून जुळवणाऱ्या रिंगांचा) मात्र नाही. क्लच दाबलेला असताना रेस दिली की इंजिन फिरतं, पण गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनापासून सुटलेला असतो. तो शाफ्ट आणि त्याच्यावरची क्लच प्लेट सेकंडच्या वेगाला आणायचं काम पितळी सिंक्रो रिंगच घासून करते, मॉड्यूल असो वा नसो. सिंक्रो वाचवायचे तर डबल क्लच मारावा लागतो: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर. जुन्या ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोच नसायचे, तेव्हा ड्रायव्हरला याशिवाय गत्यंतर नव्हतं. तुम्ही डबल क्लच मारत असाल तर मॉड्यूल बंद ठेवा, कारण ते दर वेळी क्लच दाबताना रेस देईल आणि तुम्हाला ती हवी आहे क्लच सोडलेला असताना. तुमच्या सिंक्रोंसाठी मी एवढंच सांगेन की दांडा हिसकू नका. न्यूट्रलमध्ये अर्धा श्वास थांबा आणि मग बोटांच्या जोराने आत जाऊ द्या. गिअर ऑइल वेळेवर बदला.

आता ज्यावर सगळी मदार आहे तो भाग, क्लचचा स्विच. मॉड्यूलला ‘क्लच दाबला’ हे कळतं पेडलवरच्या स्विचमधून. अनेक मॅन्युअल गाड्यांत असे दोन स्विच असतात. एक पेडलच्या वरच्या टोकाला, पाय टेकताक्षणी बदलणारा. तो क्रूझ कंट्रोल सोडवण्यासाठी. दुसरा पार तळाशी, पूर्ण दाबल्याशिवाय न बदलणारा. तो असतो क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये म्हणून. तुम्हाला हवा असलेला क्षण या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, क्लच पूर्ण सुटल्यानंतर, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं झाल्यानंतर लगेच.

वरच्या स्विचला जोडलंत तर क्लच अजून पकडलेला असतानाच रेस सुरू होते. म्हणजे तुम्ही ब्रेक लावताय आणि इंजिन गाडीला पुढे ढकलतंय. एक टोयोटा ८६ माझ्याकडे आली होती, मॉड्यूल दुसरीकडे बसवलेलं. मालकाची तक्रार अशी की ट्रॅकवर सगळं छान चालतं, पण पार्किंगमध्ये गाडी अचानक उडी मारते. फर्स्टमध्ये हळूहळू सरकत असताना त्याचा उजवा पाय ब्रेकवर असायचा आणि डावा क्लचवर नुसता टेकलेला. वरच्या स्विचला दोन्ही अटी पूर्ण झाल्या असं वाटायचं आणि समोर भिंत असताना रेस मिळायची. ट्रॅकवर तो क्लच इतक्या झटक्याने दाबायचा की चूक लक्षातच आली नाही.

तळाच्या स्विचला जोडलंत तर उलटा त्रास. घाईत क्लच नव्वद टक्केच दाबला तर रेस मिळतच नाही, आणि नेमक्या त्या वेळी तुम्ही रेसच्या भरवशावर क्लच झटकन सोडता.

म्हणून वायरला हात लावण्याआधी मोजमाप करा. एक लाकडी पट्टी घ्या, क्लच पेडलच्या रबरापासून सीटच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. आधी क्लच कुठे सुटतो ते शोधा: सपाट जागेवर, फर्स्टमध्ये, हँडब्रेक लावून, क्लच हळूहळू सोडत इंजिनाचा काटा जरासा खाली येतो त्या जागी पाय थांबवा. शेजारच्याला अंतर वाचायला सांगा. मग इंजिन बंद करून, किल्ली चालू ठेवून, मल्टिमीटर स्विचच्या वायरला लावा आणि पेडल हाताने हळूहळू दाबत जा. व्होल्टेज बदलतं त्या जागेचं अंतर लिहा. दोन्ही स्विचसाठी करा. स्विच बदलण्याची जागा क्लच सुटण्याच्या जागेपेक्षा जराशी आणखी खाली असेल तर उत्तम. वरचाच वापरावा लागला तर मॉड्यूलमध्ये रेस देण्याआधीचा विलंब वाढवता येतो का ते खरेदीआधीच पाहा. चांगल्या मॉड्यूलमध्ये येतो. तरीही पार्किंगमधला धोका त्याने जात नाही, फक्त कमी होतो. स्टार्टरचा स्विच वर सरकवून काम भागवू नका. त्यामुळे क्लच अर्धाच दाबलेला असताना गाडी सुरू होऊ शकते.

बसवण्याचं काम घरी होतं. ज्याला मल्टिमीटर वाचता येतो आणि जो घाई करत नाही त्याने करावं. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि थोडा वेळ थांबा. मियाटाच्या पायाखालच्या जागेत डोकं घालणं कठीण आहे, पाठ धरते. सीट काढली तर बरंच सोपं जातं, पण सीटखालचा पिवळा कनेक्टर एअरबॅगच्या यंत्रणेचा असतो. तो सुटलेला असताना किल्ली चालू केली की एअरबॅगचा दिवा लागतो आणि मग स्कॅनरशिवाय जात नाही. पेडलचा कनेक्टर लॉकची जीभ दाबून काढायचा, वायरला धरून ओढायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल मियाटात फ्लोअरला बिजागरीने जोडलेलं आहे, त्यामुळे नवीन हार्नेस त्याच्यामागे लोंबकळू देऊ नका. प्रत्येक वायर मूळ वायरच्या जुडग्याला टायने बांधा आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब ठेवा. मॉड्यूलचा डबा पेडलच्या वर कुठेही नुसता चिकटपट्टीने लावू नका. उन्हाने चिकटपट्टी सुटते आणि डबा ब्रेकच्या पेडलखाली येऊन बसतो. टायने बांधाच.

ब्रेक आणि क्लचच्या स्विचच्या वायरींना शाखा जोडायची असते. ती कापून दाबायच्या स्वस्त क्लिपांनी करू नका. त्या क्लिपा वायरीचे चार-दोन तंतू तोडतात आणि मिशिगनच्या मिठाच्या हिवाळ्यात एका वर्षात हिरव्या पडतात. झाळ (सोल्डर) नीट वितळवून, वर हीट श्रिंक नळी. ब्रेकच्या स्विचच्या वायरींपैकी एकीवर कायम बारा व्होल्ट असतात आणि दुसरीवर ब्रेक दाबल्यावरच. दुसरी हवी.

एक स्विच डॅशवर, हाताच्या टप्प्यात बसवा, मॉड्यूल पूर्ण बंद करणारा. सिग्नलला थांबताना तुम्ही ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबता, म्हणजे प्रत्येक चौकात गाडी उगाच डरकाळी फोडणार. गाडी सुरू करतानाही दोन्ही दाबलेले असतात. रस्त्यावर बंद, ट्रॅकवर चालू, हा माझा सरळ नियम आहे.

सगळं जोडल्यावर इंजिन सुरू करायची घाई नको. आधी किल्ली चालू, इंजिन बंद. ओबीडीला (डॅशखालच्या तपासणीच्या सॉकेटला) साधा स्कॅनर लावा आणि पेडलच्या दोन सेन्सरचे आकडे समोर घ्या, स्कॅनरवर ते बहुधा डी आणि ई असे दिसतात. पेडल अगदी सावकाश तळापर्यंत आणि परत. दोन्ही आकडे मिळून सरकले पाहिजेत, कुठेही अडखळता कामा नयेत. मग मॉड्यूलचा फ्यूज काढा आणि पुन्हा तेच करा. पेडल तसंच चाललं पाहिजे. वीज गेली तर मॉड्यूलने बाजूला होऊन मूळ सिग्नल पुढे जाऊ दिला पाहिजे, आणि हे कागदावर वाचून विश्वास ठेवण्यासारखं नाही, स्वतः पाहायचं. या चाचणीत नापास झालेलं मॉड्यूल मी कुठल्याही गाडीत ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट गाडीवर अवलंबून आहे. २००९-१० मध्ये टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात म्हणून मोठे रिकॉल झाले, त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दिसले की अ‍ॅक्सिलरेटरकडे दुर्लक्ष करायची सोय कॉम्प्युटरमध्ये घातली. मॉड्यूलची रेस इतकी थोडक्यात संपते की पुष्कळ गाड्यांत ती निसटून जाते, पण सगळ्या नाही. तुमच्याच मॉडेल-वर्षाच्या गाडीत ते मॉड्यूल चालत असल्याचं विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि परत करायची मुदत विचारा.

आता जुळवणी. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये रेस किती जाते ते पाहून काहीच ठरवू नका. त्याने फक्त जोडणी बरोबर आहे एवढं कळतं. आयडलवरून उसळणारं इंजिन आणि ४,००० वरून उसळणारं इंजिन वेगळं वागतं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नसताना, आधी हलक्या ब्रेकवर फोर्थवरून थर्ड करून बघा. फोर्थमध्ये ४,५०० असतील तर थर्डला ५,७०० च्या जरा वर लागतात, वाढ साधारण १,२००. फिफ्थवरून फोर्थला ५,००० वर तेवढीच. थर्डवरून सेकंडला मात्र १,९००. एका रेसने दोन्ही साधत नाही. मी रेस मोठ्या उडीच्या बाजूला झुकती ठेवते, साधारण १,६०० ते १,७०० च्या वाढीला. कारण काटा जास्त वर गेला तर तो स्वतःच खाली येतो, क्लच क्षणभर उशिरा सोडला की जुळतो. कमी पडला तर तुमच्या हातात काही उपाय नाही. शिवाय ब्रेक चालू असताना वेग पडतच असतो, क्लच सुटेपर्यंत लागणारा काटाही थोडा खाली आलेला असतो. म्हणून कागदावरचा पूर्ण १,९०० सहसा लागत नाही.

क्लच सोडल्यावर गाडी पुढे सरकल्यासारखी वाटली तर रेस जास्त आहे किंवा क्लच लवकर सुटला. मागून कुणी धरल्यासारखं वाटलं तर कमी. कानापेक्षा पाठीला लवकर कळतं, सीटमध्ये पाठ टेकवून बसा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आधी विलंब, मग रेसचं प्रमाण. दोन्ही नॉब एकदम फिरवणारे दिवसभर गोंधळतात.

मॉड्यूलपेक्षाही तुमच्या मागच्या टायरना जास्त आराम मिळेल तो गिअर उशिरा टाकल्याने. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की तुम्ही ब्रेक लावला की लगेच सेकंड टाकता. आपल्याकडे घाटात शिकवतात की ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं, म्हणजे गाडी इंजिनावर धरा आणि ब्रेक तापू देऊ नका. लांब उतारावर ते शंभर टक्के बरोबर आहे. ट्रॅकवर गाडी थांबवायचं काम ब्रेकचं, आणि खालचा गिअर हवा असतो तो वळणातून बाहेर पडताना जोर मिळावा म्हणून. सरळ रेषेत पूर्ण ब्रेक लावा, काटा खाली पडू द्या आणि ब्रेकचा दाब सोडायला लागण्याच्या जरा आधी गिअर टाका. तेव्हा वेग कमी, उडी लहान, आणि मागच्या चाकांवर वजन परत येऊ लागलेलं. फिफ्थवरून थर्डला येत असाल तर फोर्थ गाळा. एकेक गिअर मोजत उतरायची काही गरज नाही.

मॉड्यूल येईपर्यंतच्या ट्रॅकच्या दिवसांसाठी हेच वापरा. थर्डमध्येच ब्रेक लावा, वेग हवा तितका उतरला की क्लच दाबून सेकंड टाका आणि क्लच एकदम न सोडता अर्ध्यावर क्षणभर धरून सोडा. क्लच थोडा झिजेल. चालेल, मागची बाजू सुटण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

वॉरंटीचं उत्तर छोटं आहे. माझदाची इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी इथे पाच वर्षं किंवा ६०,००० मैल, म्हणजे तुमच्या गाडीची मुदत उलटून गेली. ज्यांची गाडी नवी आहे त्यांच्यासाठी: अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार बाहेरचा एक भाग लावला म्हणून कंपनी सगळी वॉरंटी नाकारू शकत नाही, बिघाड त्या भागामुळे झाला हे तिला दाखवावं लागतं. पण पेडलच्या वायरीत बसलेला डबा आणि थ्रॉटलचा बिघाड यांचा संबंध दाखवणं कंपनीला फार जड जाणार नाही. थेट बसणाऱ्या हार्नेसचा इथेही फायदा आहे, काढून मूळ कनेक्टर लावला की गाडी जशी होती तशी.

खरेदी करण्याआधी ते पट्टीचं मोजमाप करा आणि तीन आकडे इथे लिहा: क्लच सुटण्याचं अंतर, वरचा स्विच बदलण्याचं आणि खालचा स्विच बदलण्याचं. सोबत ब्रेकचं ऑइल शेवटचं कधी बदललं आणि ट्रॅकवर पेडल मऊ पडतं का तेही सांगा, कारण ब्रेकचं पेडल खोल जात असेल तर मॉड्यूलच्या आधी तो खर्च करायला सांगेन. आकडे आले की कुठल्या वायरीला जोडायचं आणि विलंब कितीपासून सुरू करायचा ते कळवते.